नोत्र दामच्या त्या सहा खिडक्या काढू नका

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला २०१९ साली आग लागली तेव्हा आपल्याकडे सगळ्यांनीच हळहळ व्यक्त केली, डिसेंबर २०२४ मध्ये ते परत उघडलं तेव्हा फोटोही भरपूर फिरले, पण मधल्या काळात तिथे जो एक वाद पेटला त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही आणि मला तो वाद आगीइतकाच महत्त्वाचा वाटतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

वाद सहा खिडक्यांचा आहे. नेव्ह म्हणजे भाविक बसतात तो मधला लांबलचक भाग, त्याच्या दक्षिण बाजूला सात छोटी चॅपल्स, म्हणजे प्रार्थनेच्या छोट्या खोल्या, ओळीने आहेत आणि त्यातल्या सहा चॅपल्सच्या एकोणिसाव्या शतकातल्या खिडक्या काढून तिथे आजच्या कलाकाराच्या नव्या खिडक्या बसवायच्या, असं डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉननी जाहीर केलं. पॅरिसच्या आर्चबिशपचाही या कल्पनेला पाठिंबा आहे. वर्षभराने क्लेअर ताबुरे या चित्रकर्तीची निवड झाली, विषय ठरला पेंटेकॉस्ट (येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो प्रसंग), डिसेंबर २०२५ मध्ये पॅरिसच्या ग्राँ पाले या प्रदर्शनाच्या इमारतीत खिडक्यांचे पूर्ण आकाराचे नमुने लोकांना बघायला मांडले आणि २०२६च्या अखेरीपर्यंत बसवायचं असं ठरलं. आता यातली खरी गोष्ट ऐका. या सहा खिडक्यांना आगीत काहीही झालं नव्हतं. धूळ-काजळी बसली होती, ती साफ केली, झालं. म्हणजे आग, शिसं वितळणं, अख्खा स्पायर (छतावरचा उंच टोकदार मनोरा) कोसळणं, अग्निशामक दलाच्या पाण्याचा मारा, या सगळ्यातून धडधाकट वाचलेली गोष्ट आता माणसं स्वतःच्या हाताने काढणार. हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

"काही खिडक्याच तर आहेत" असं कुणी म्हणेल, पण गॉथिक, म्हणजे बाराव्या शतकापासून युरोपात आलेल्या शैलीतल्या, इमारतीत खिडकी म्हणजे काय हे आधी समजून घ्यायला हवं. त्याआधीच्या युरोपातल्या मोठ्या चर्चेसमध्ये दगडी छताचं वजन भिंतीवर यायचं, म्हणून भिंती भयंकर जाड आणि खिडक्या लहान, आत अंधार. गॉथिक कारागिरांनी वजनाची वाटच बदलून टाकली. टोकदार कमानी घेतल्या, त्यामुळे रेटा बाहेर कमी आणि खाली जास्त जायला लागला, छताखाली दगडी फासळ्या घेतल्या ज्या वजन गोळा करून ठरावीक खांबांवर आणून सोडतात, आणि तरीही जो बाहेर ढकलणारा रेटा उरतो त्याला बाहेरून फ्लाइंग बट्रेसचा, म्हणजे भिंतीला बाहेरून टेकणाऱ्या दगडी अर्धकमानींचा टेकू दिला. एवढं केल्यावर दोन खांबांमधल्या भिंतीला उचलायला फारसं काही उरतच नाही, ती काढून तिथे काच लावता येते. नोत्र दामचं छत जमिनीपासून साधारण ३३ मीटर उंचीवर आहे आणि त्या दगडी छताची जाडी काही ठिकाणी वीतभरसुद्धा नाही! तेवढ्याशा दगडाने २०१९ला जळतं लाकूड अंगावर झेललं, तीन ठिकाणी भगदाडं पडली पण बाकी छत टिकलं, आणि म्हणूनच आतलं बहुतेक सगळं वाचलं. आगीनंतर संशोधकांना दगड एकमेकांना जखडणारे लोखंडी आकडे तपासता आले आणि कळलं की ११६०च्या दशकापासूनच बांधणाऱ्यांनी इथे मोठ्या प्रमाणावर लोखंड वापरलं होतं, इतक्या आधी असं केलेलं दुसरं गॉथिक कॅथेड्रल माहीत नाही. तर एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर आत प्रकाश यावा आणि तो कसा यावा हे माणसाला ठरवता यावं म्हणून. खिडकी हा इथे सजावटीचा भाग नाही, बाकीची इमारत तिच्यासाठी उभी आहे.

बिशप मोरिस द स्युली यांच्या काळात ११६३ मध्ये काम सुरू झालं, ११८२ला ऑल्टरकडचा (मुख्य वेदीकडचा) भाग वापरात आला, पश्चिमेचे दोन मनोरे १२५०च्या आसपास पूर्ण झाले, ६९ मीटर उंच. पण "पूर्ण झालं" असं या इमारतीबद्दल कधी म्हणताच येत नाही. तेराव्या शतकातच लोकांना आत अंधार वाटायला लागला आणि त्यांनी वरच्या खिडक्या फोडून मोठ्या केल्या, बट्रेसेस बदलले, मग जाँ द शेल आणि त्याच्यानंतर पिएर द मोंत्रय यांनी दोन्ही बाजूंना त्या अवाढव्य गोल खिडक्या केल्या, जवळपास १३ मीटर व्यासाच्या. उत्तरेकडच्या खिडकीत अजूनही बरीचशी मूळ मध्ययुगीन काच आहे, दक्षिणेकडची मात्र पुन्हापुन्हा खिळखिळी होत गेली.

इथेच नव्या खिडक्यांचे समर्थक पहिला मुद्दा काढतात आणि तो हलका नाही. ते म्हणतात, बघा, प्रत्येक काळाने या इमारतीत बदल केलेच आहेत, तेराव्या शतकाने बाराव्या शतकाच्या खिडक्या फोडल्या, मग एकविसाव्या शतकाने काय घोडं मारलंय? मला या युक्तिवादात एक मोठी गोष्ट सुटलेली दिसते, ती अठराव्या शतकाची. १७५०च्या दशकात कॅथेड्रलच्या धर्मगुरूंना वाटलं की जुन्या रंगीत काचांनी फार अंधार होतो, वाचता येत नाही, शिवाय ती चित्रं जुनाट दिसतात, म्हणून त्यांनी गोल खिडक्या तेवढ्या ठेवून बाकीची मध्ययुगीन रंगीत काच काढायला लावली आणि पांढरी काच बसवली. हे काम ज्यांनी केलं त्यातला पिएर ल व्हियेय हा काही अडाणी गवंडी नव्हता, काचेवरच्या चित्रकलेचा त्या काळातला सगळ्यात मोठा जाणकार होता, त्यावर त्याने ग्रंथ लिहिलाय. म्हणजे विषय कळणारा माणूस, पैसा देणारी संस्था, त्या काळाची चांगली अभिरुची, सगळं जागेवर होतं आणि तरी युरोपातल्या सर्वोत्तम काचकामांपैकी एक कायमचं गेलं. १७७१ मध्ये सूफ्लो नावाच्या अतिशय नावाजलेल्या आर्किटेक्टने मिरवणुकीची छत्री आत जावी म्हणून मधल्या मुख्य दरवाज्याचा मधला खांब काढला आणि वरच्या शिल्पपटाचा तुकडा कापला. हेसुद्धा "आपल्या काळाची गरज" म्हणूनच झालं. मग आली राज्यक्रांती, १७९३ मध्ये दर्शनी भिंतीवरच्या २८ राजांच्या पुतळ्यांची मुंडकी फ्रान्सचे राजे समजून उडवली गेली, ते होते बायबलमधले जुदियाचे राजे. त्यातली २१ डोकी १९७७ साली पॅरिसमध्येच एका बांधकामाच्या खोदाईत सापडली आणि आता क्ल्युनी म्युझियममध्ये आहेत. मी ती बघितलीयेत, नाकं फुटलेली, पण काहींच्या गालांवर आणि ओठांवर जुन्या रंगाचा गुलाबीपणा अजून पुसटसा दिसतो.

तर प्रत्येक काळाने बदल केले हे खरंच आहे, पण त्या बदलांचा हिशोब मांडला तर त्यातले निम्मे आपल्याला आज नुकसान वाटतात. त्या नुकसानातूनच वारसा जपण्याचे कायदे जन्माला आले.

आता मुख्य माणसाकडे येते. आर्किटेक्ट व्हियोले-ल-द्युक. १८४४ मध्ये त्याची आणि लास्युस या दुसऱ्या आर्किटेक्टची दुरुस्तीसाठी निवड झाली तेव्हा तो तिशीत होता. इमारतीची अवस्था वाईट होती, १८३१ला व्हिक्टर ह्युगोची याच कॅथेड्रलवरची कादंबरी आली आणि त्यानंतर लोकांचं लक्ष तिकडे गेलं हे बहुतेकांना माहीत असतं. लास्युस १८५७ला वारला, व्हियोले-ल-द्युकने काम १८६४पर्यंत नेलं. त्याच्यावर टीका करणारे आजही खूप आहेत आणि त्यांच्या टीकेत तथ्य आहे, कारण त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की इमारतीचा जीर्णोद्धार म्हणजे तिला अशा पूर्ण रूपात आणणं जे कदाचित कुठल्याच काळी प्रत्यक्षात नव्हतं. म्हणजे हा माणूस नुसती डागडुजी करणारा नव्हता, तो रचनाकार होता. गॅलरीतून पॅरिसकडे बघणारे ते विचित्र प्राणी, गालावर हात ठेवून जीभ बाहेर काढलेला तो शिंगवाला, ज्याचा फोटो प्रत्येक पोस्टकार्डवर असतो, ते सगळे त्याच्या डोक्यातून आलेत, मध्ययुगातून नाही. स्पायरही त्याचाच. जुना तेराव्या शतकातला स्पायर अठराव्या शतकाच्या शेवटी धोकादायक झाला म्हणून उतरवला होता, त्याने १८५९ मध्ये नवा उभा केला, जमिनीपासून ९६ मीटर, ओक आणि शिसं मिळून साधारण ७५० टन. त्याच्या पायथ्याशी तांब्याचे सोळा पुतळे बसवले, त्यातल्या आर्किटेक्ट लोकांचा संत असलेल्या थॉमसला स्वतःचा चेहरा दिला आणि बाकीचे सगळे शहराकडे बघत असताना हा एकटा मागे वळून स्पायरकडे बघतोय. ते पुतळे दुरुस्तीसाठी आगीच्या चारच दिवस आधी क्रेनने खाली उतरवले होते, म्हणून वाचले.

आणि खिडक्या. पांढऱ्या काचेचं काय करायचं हा प्रश्न त्याच्यापुढे होता. त्याने सगळीकडे भडक रंगीत काच ठोकली नाही. ऑल्टरच्या भोवतालच्या चॅपल्सना गडद रंगांच्या, चित्रं असलेल्या खिडक्या आणि नेव्हच्या बाजूच्या चॅपल्सना ग्रिसाय, म्हणजे राखाडी-पांढऱ्या काचेवर पानांची आणि भौमितिक नक्षी, मध्येमध्ये रंगाच्या पट्ट्या. जवळ जाऊन बघितलं तर काळ्या रेषेने काढलेली वेल एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाते, शिशाच्या पट्टीशी तुटते आणि पलीकडे पुन्हा धरली जाते, काच एकसारखी पांढरी नाही, कुठे हिरवट झाक, कुठे पिवळसर, आणि त्यामुळे खाली फरशीवर आणि खांबावर जो उजेड पडतो तो साध्या खिडकीसारखा पांढराफटक नसतो, मऊ असतो. आत शिरलं की आधी हा शांत उजेड, मग चालत पुढे गेलं की दोन्ही बाजूंच्या मोठ्या गोल खिडक्या आणि मग ऑल्टरमागचे गडद निळे-लाल रंग. म्हणजे माणूस चालताना प्रकाश टप्प्याटप्प्याने बदलत जातो. एका माणसाने अख्ख्या इमारतीचा विचार करून बसवलेला हा क्रम आहे. त्यातल्या ओळीने असलेल्या सहा खिडक्या काढून तिथे मोठ्या रंगीत आकृत्या आणल्या तर दक्षिणेकडून, म्हणजे ज्या बाजूने ऊन येतं त्याच बाजूने, हा क्रम मोडणार.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो विरोधाभास. आगीनंतर स्पायर कसा बांधायचा यावर जगभर चर्चा झाली, काचेचा करा, छतावर बाग करा, काय काय डिझाइन्स फिरत होती. शेवटी जुलै २०२० मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय वारसा आयोगाने होतं तसंच बांधण्याच्या बाजूने कौल दिला आणि मॅक्रॉननीही तो मान्य केला. मुख्य आर्किटेक्ट फिलिप व्हिलनव्ह यांचाही तोच आग्रह होता. मग देशभरातून दोन हजारांच्या आसपास ओकची झाडं निवडली, नेव्हच्या छतासाठी सुतारांनी तुळया यांत्रिक करवतीवर न कापता कुऱ्हाडीने तासल्या, मध्ययुगातल्यासारख्या, धाग्याच्या दिशेने. १५० देशांतल्या ३ लाख ४० हजार लोकांनी मिळून ८४ कोटी युरोंच्या वर देणग्या दिल्या. हे सगळं करून व्हियोले-ल-द्युकचा जळून गेलेला स्पायर जसाच्या तसा परत आणला आणि त्याच माणसाच्या, त्याच इमारतीतल्या, न जळलेल्या खिडक्या मात्र आता नकोत? जे नष्ट झालं ते त्याचं म्हणून मोलाचं, जे शाबूत आहे ते त्याचं असूनही फेकण्यालायक, याला कुठला नियम म्हणायचा? राष्ट्रीय वारसा आयोगालाही हे पटलं नाही, जुलै २०२४ मध्ये त्यांनी एकमताने विरोध नोंदवला. तज्ज्ञांनी एकमताने नाही म्हटलं आणि तरी काम पुढे गेलं. आयोगाचा सल्ला सरकारवर बंधनकारक नाही हे मान्य, पण मग २०२०ला तोच सल्ला मानला तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं होतं. विरोधाच्या याचिकेवर एक लाख चाळीस हजारांहून जास्त लोकांनी सह्या केल्या.

फ्रान्समध्ये साध्या माणसाचं घर एखाद्या जुन्या स्मारकाच्या परिसरात असेल तर त्याला खिडकीची चौकट बदलायलाही सरकारी आर्किटेक्टची परवानगी लागते. १९०५च्या कायद्यानुसार कॅथेड्रल सरकारच्या मालकीचं आहे. जो मालक दुसऱ्यांना खिडकीला हात लावू देत नाही त्याने आपल्या घरी तरी नियम पाळावा ना.

१९६४ची व्हेनिस सनद, म्हणजे स्मारकं कशी जपावीत याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, हा यातला आधार मानला जातो. तिच्या अकराव्या कलमात साफ म्हटलंय की स्मारकाच्या बांधणीत सगळ्या काळांनी घातलेली मोलाची भर जपायला हवी, सगळं एका शैलीत आणणं हे दुरुस्तीचं उद्दिष्ट नाही. सगळ्या काळांनी, म्हणजे एकोणिसावं शतकही त्यात आलं.

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा, आधुनिक कलेचा. फ्रान्समधल्याच रँसच्या कॅथेड्रलमध्ये १९७४ला चित्रकार शागालच्या खिडक्या बसल्या, तिथे २०११ मध्ये इमी क्नोबेलच्याही बसल्या. जर्मनीत कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये २००७ साली गेरहार्ड रिश्टरने ११ हजारांहून जास्त रंगीत चौकोनांची खिडकी केली, तिथल्या आर्चबिशपला ती आवडली नव्हती, पण मला तिच्यामागची कल्पना फार आवडते. आधुनिक कलेला जुन्या इमारतीत जागा नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण या दोन्ही ठिकाणी आधी काय झालं होतं ते बघा. रँसवर पहिल्या महायुद्धात तोफा डागल्या गेल्या, काचेचा चुराडा झाला. कोलोनची ती खिडकी दुसऱ्या महायुद्धात गेली आणि मग अनेक वर्षं तिथे साधी काच होती. म्हणजे आधी जागा रिकामी झाली, मग नवं आलं. नोत्र दाममध्येही हेच तत्त्व पाळलं गेलं आणि ते छान पाळलं गेलं. स्पायर कोसळून आधीचा ऑल्टर चिरडला, तिथे गियोम बार्दे यांचा कांस्याचा नवा ऑल्टर आला, बिलकूल जुन्याची नक्कल नाही. स्पायरच्या टोकावरचा कोंबडा पडून चेपला, तर व्हिलनव्ह यांनी नवा सोनेरी कोंबडा केला, पंख ज्वाळांसारखे, आणि त्याच्या पोटात काम करणाऱ्या जवळपास दोन हजार लोकांच्या नावांची यादी ठेवली. म्हणजे आपल्या काळाची खूण, आगीची आठवण, हे सगळं तिथे आहेच. त्यासाठी सहा चांगल्या खिडक्यांचा बळी द्यायची गरज कुठून आली?

एक उदाहरण मात्र नव्या खिडक्यांच्या समर्थकांच्या बाजूने जातं आणि ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. खुद्द नोत्र दाममध्ये, नेव्हच्या वरच्या खिडक्यांमधली व्हियोले-ल-द्युकच्या काळातली ग्रिसाय १९६०च्या दशकात काढली गेली आणि तिथे जाक ल शव्हालिए यांची अमूर्त रंगीत काच आली. त्यावर तीस वर्षं भांडण चाललं होतं, १९३०च्या दशकात सुरू झालेलं. आज ती काच जागेवर आहे, सुंदरही आहे, आणि आता तीही इमारतीच्या इतिहासाचा भाग झालीये, ती काढा असं कुणी म्हणू नये. पण त्या वेळी एकोणिसाव्या शतकातल्या कामाला कुणी किंमतच देत नव्हतं, नकली गॉथिक म्हणून हिणवायचे, जगभरात त्या शतकातल्या इमारती पाडल्या जात होत्या. ती नजर बदलायला पुढची कित्येक वर्षं गेली. आणि वरची ग्रिसाय आधीच गेली असेल तर खालची जी उरलीये तिची किंमत वाढते.

या "नकली गॉथिक" शब्दाशी आपलाही संबंध आहे, म्हणजे निदान मुंबई माहीत असणाऱ्या प्रत्येकाचा. सीएसएमटी १८७८ ते १८८८ या काळात फ्रेडरिक स्टीव्हन्सने बांधलं, राजाबाई टॉवरचं डिझाइन जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने मुंबईत पाऊल न टाकता इंग्लंडमधून पाठवलं, तोही १८७८ला पूर्ण झाला. व्हियोले-ल-द्युकच्याच पिढीतली, मध्ययुगीन गॉथिक नव्याने जिवंत करणारी हीच लाट. तेराव्या शतकातलं नाही म्हणून हे सगळं दुय्यम म्हणायचं का? सीएसएमटीच्या भिंतींवरचे मोर, माकडं, पानं जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी कोरलीत, ती युरोपातल्या कुठल्याच कॅथेड्रलवर मिळणार नाहीत. २००४ मध्ये सीएसएमटी आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती जागतिक वारशात आल्या त्या एकोणिसाव्या शतकाचं स्वतंत्र मोल जगाने मान्य केलं म्हणूनच. उद्या कुणी राजाबाई टॉवरमधल्या लायब्ररीच्या रंगीत काचा, इतक्या मेहनतीने दुरुस्त केलेल्या, काढून आजच्या मोठ्या चित्रकाराच्या काचा लावू म्हणालं तर आपल्याला चालेल? आपल्याकडे गावोगावच्या काळ्या दगडाच्या देवळांना ऑइल पेंट फासतात, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स लावतात, तेही श्रद्धेनेच आणि चांगल्या हेतूनेच करतात, आणि म्हणून हेतू चांगला आहे एवढ्यावर मला समाधान होत नाही.

चर्चची बाजूही मला समजते. कॅथेड्रल म्हणजे म्युझियम नाही, तिथे रोज प्रार्थना होते, आणि श्रद्धेने आपल्या काळाच्या भाषेत बोलावं असं एखाद्या आर्चबिशपला वाटणं चुकीचं नाही. ताबुरे यांच्या कामाबद्दलही माझी तक्रार नाही, रँसचा सिमाँ-मार्क हा शेकडो वर्षांची परंपरा असलेला कारखाना त्यांच्याबरोबर काम करतोय, काच उत्तमच होईल. मग ती अशा ठिकाणी लावा जिथे काच नाही. फ्रान्समध्ये दोन महायुद्धांत खिडक्या गमावलेली चर्चेस आहेत, कित्येक ठिकाणी आजही साधी पांढरी काच आहे, एखाद्या लहान गावाला नोत्र दामसाठी रेखाटलेल्या खिडक्या मिळाल्या तर ते गाव त्या कायम जपेल आणि लोक मुद्दाम बघायला जातील.

काढलेल्या ग्रिसाय फेकणार नाही, म्युझियममध्ये ठेवू, असं आश्वासन दिलं जातंय. पण चॅपलमधून काढलेली ग्रिसाय मागून विजेचा दिवा लावून भिंतीवर टांगली की ती नुसती नक्षी उरते, दक्षिणेचं ऊन नाही, समोरचा खांब नाही, पुढची खिडकी नाही. सातवं चॅपल आहे तसंच राहणार आहे म्हणे, तिथल्या खिडकीत येशूच्या वंशवृक्षाचं चित्र आहे म्हणून. मग बाकीच्या सहा खिडक्यांचा गुन्हा एवढाच का, की त्यांच्यावर चित्र नाही, फक्त पानं आहेत? त्या पानांमागे एका आर्किटेक्टने केलेला प्रकाशाचा विचार आहे, तो दीडशे वर्षं काम करतोय आणि आगीनंतरही करतोय. सरकारने वारसा आयोगाचा २०२४चा ठराव मान्य करावा आणि या खिडक्या आहेत तिथेच राहू द्याव्यात.